तुटलेली सर घरी ओवताना

मंगळसूत्र वाढवलं, मोत्याची माळ तुटली, मुलीच्या हातातलं मण्यांचं ब्रेसलेट सुटलं, काहीही झालं की सगळे मण्यांमागे धावतात आणि दोरा केराच्या टोपलीत जातो. तो दोरा ठेवा. सर कशामुळे तुटली ते त्याच्या टोकावर दिसतं. ते न बघता घाईने ओवलेली सर बहुतेक वेळा पुन्हा त्याच जागी तुटते.

मणी गोळा करण्याबद्दल थोडंसं. आधी पंखा बंद करा आणि कुणाला त्या जागेवर चालू देऊ नका. काचेचा मणी चपलेखाली चुरडतो, प्लास्टिकच्या मोत्याचा रंग निघतो. विजेरी किंवा मोबाइलचा दिवा जमिनीला टेकवून आडवा धरला की बारीकशा मण्याचीही लांब सावली पडते आणि तो लगेच दिसतो. कपाटाखाली व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा असेल तर नळीच्या तोंडावर जुना पायमोजा रबरबँडने बसवा, मणी त्यातच अडकतील. काळे मणी ओल्या बोटाला चिकटून येतात. सोनेरी मुलाम्याचे मणी उचलायला चिकटपट्टी वापरू नका, मुलामा सोबत निघू शकतो. अर्ध्या सरीत मणी अजून शिल्लक असतील तर दोन्ही टोकांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावा आणि मग शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. कोल्हापुरी साजासारख्या दागिन्यात हा फोटो नसेल तर पंचाईतच होते: मासा, कासव, भुंगा, बेलपान यांचा क्रम नंतर कुणालाच आठवत नाही.

टोक काय सांगतं

टोक कापसासारखं पिंजलेलं असेल तर दोरा घासून झिजला आहे. पिंजलेली जागा फाशाजवळ (माळ अडकवायच्या आकड्याजवळ) असेल तर कडी घासते, सरीच्या मध्ये असेल तर एखाद्या मण्याचं भोक. टोक सुरीने कापल्यासारखं सरळ असेल तर कुठेतरी धार आहे: वाटीच्या मागच्या नळीची कड, पत्र्याच्या सोनेरी मण्याचं तोंड किंवा टवका उडालेला काचमणी. तंगूस (नायलॉनचा गुळगुळीत दोरा) ओढला जाऊन तुटला की टोक निमुळतं आणि पांढुरकं होतं. कडेवरचं मूल गळ्यातलं ओढतं तेव्हा असंच होतं. दोरा अखंड आहे, फक्त टोकाला जुन्या गाठीचा वाक आहे, तर दोष गाठीचा. आणि दोरा बोटात वाकवला की दोन-तीन ठिकाणी पटापट तुटत असेल तर तो घामाने, अत्तराने, उन्हाने कुजला आहे. अशा दोऱ्यावरचे उरलेले मणीही उतरवून पूर्ण सर नव्याने ओवावी लागते.

दोन तुटलेली टोकं एकमेकांना बांधून वेळ मारून नेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यात तीन अडचणी आहेत. बाकीचा दोरा तितकाच म्हातारा असतो, गाठ मण्याच्या भोकात शिरत नाही म्हणून सरीत फट दिसते, आणि गाठीला लागलेल्या दोऱ्यामुळे सर दोनेक सेंटीमीटरने आखडते. लग्नाला निघताना रिक्षा दारात उभी असेल तरच हे करा, आणि घरी आल्यावर सोडवा.

धारदार मणी शोधायची सोपी रीत अशी: पांढऱ्या सुती शिलाईच्या दोऱ्यात मणी घाला, दोरा दोन्ही हातांनी ताणून धरा आणि मणी दहा वेळा पुढे-मागे सरकवा. दोऱ्यावर लव उभी राहिली किंवा त्याचा पीळ सुटला तर त्या मण्याला धार आहे. तीनशे काळे मणी असे तपासत बसणं शक्य नाही. पण फाशाजवळचे दहा, वाट्यांजवळचे दहा आणि प्रत्येक धातूचा मणी तपासाच. बारीक काचमण्याला धार असली तर तो बाजूला टाकायचा, दुरुस्त करत बसायचं नाही. मोठ्या मण्याचं किंवा वाटीच्या नळीचं तोंड बारीक कानशीने, नाहीतर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची गुंडाळी आत फिरवून साफ करता येतं. काच घासताना मणी पाण्यात बुडवून घासा. कोरडी काचेची पूड नाकात जाता कामा नये. मोती आणि पोवळं मात्र असं घासू नका.

दोरा कोणता

तंगूस सगळीकडे मिळतो, स्वस्त असतो, सुईशिवाय ओवता येतो, म्हणून घरोघरी तोच असतो. हलक्या प्लास्टिकच्या मण्यांना, मुलांच्या माळांना ०.३ ते ०.३५ मिमीचा तंगूस ठीक आहे. पण तो वजनाने हळूहळू ताणला जातो, उन्हात ठिसूळ होतो आणि त्याच्या गुळगुळीत अंगामुळे साधी गाठ सरकते. रोज गळ्यात राहणाऱ्या, घाम लागणाऱ्या दागिन्याला तो आमच्या मते वापरूच नये.

काचेच्या काळ्या मण्यांना मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळणारा विणीचा दोरा सगळ्यात चांगला. ०.१५ ते ०.२ मिमी जाडीत तो जवळपास ताणला जात नाही आणि घासणं सहन करतो. घरातली जुनी कात्री तो नीट कापत नाही, टोक फिसकटतं, तेव्हा नवी धारदार कात्री किंवा नेलकटर घ्या. जड दगडी मणी, स्फटिक, धातूचे मोठे मणी यांना गियर वायर, म्हणजे नायलॉनचं आवरण असलेली बारीक पोलादी तारदोरी. ०.३८ किंवा ०.४५ मिमी बहुतेक कामांना पुरते. मोत्यांना रेशीम. शिलाईचा सुती दोरा घामाने लवकर कुजतो. पॉलिएस्टरचा त्याहून बरा, पण लव लवकर येते. रेशीम किंवा सुती दोरा वापरणार असाल तर मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढून घ्या. मेणबत्तीचं मेण चालत नाही, ते कोरडं होऊन भोकात पूड साठते.

जाडीची परीक्षा नंबर बघून करण्यापेक्षा मण्यावरच करा. दोरा भोकातून जाताना किंचित घासला पाहिजे. फार सैल असला तर मणी त्यावर डुलत राहतो आणि दोऱ्याला करवतीसारखा कापतो.

मंगळसूत्राची दोनसरी पोत

धरून चालू की फाशापासून फाशापर्यंत २४ इंच लांबी आहे, मध्ये दोन वाट्या आणि त्यांच्या आजूबाजूचे सोन्याचे मणी मिळून २ इंच. म्हणजे प्रत्येक बाजूला ११ इंच काळे मणी. २ मिमीचा गोल मणी इंचाला साधारण १२ ते १३ बसतो. तेव्हा एका बाजूला, एका सरीत १४० च्या आसपास मणी लागतील, दोन्ही बाजू आणि दोन्ही सरी मिळून ५६०. मध्ये ठरावीक अंतराने सोन्याचे मणी असतील तर त्यांच्या लांबीइतके काळे मणी कमी करा. पन्नासेक मणी जास्तीचे आणा. जुन्यांत नवे मिसळायचे असतील तर खिडकीपाशी उजेडात दोन्ही शेजारी ठेवून बघा, काही काळे मणी उजेडात जांभळट निघतात. नवे मणी मानेमागच्या भागात घातले की फरक कुणाला कळत नाही.

विणीच्या दोऱ्याचे दोन-दोन मीटरचे दोन तुकडे घ्या, प्रत्येक सरीला एक. तुकडा मधोमध दुमडा, दुमडलेलं टोक फाशाच्या कडीतून घाला आणि मोकळी टोकं त्या दुमडीच्या फासातून ओढून घ्या. ही फासगाठ झाली. या बाजूला वेगळी गाठच नाही म्हणजे सुटण्याची एक जागा कमी. आता दोन्ही पदर एकाच सुईत घालून ओवायला लागा. १० किंवा १२ नंबरची ओवायची सुई काळ्या मण्यांना चालते. ती मिळाली नाही तर दोऱ्याचं शेवटचं ३ सेंटीमीटर टोक नेलपॉलिशमध्ये बुडवून ताठ वाळवा आणि तिरकं कापा, सुईचं काम होतं.

त्याआधी एक तपासणी. वाटीच्या नळीतून दोन्ही सरींचे मिळून चार पदर जायचे आहेत, तेवढी जागा आहे का? आणि शेवटी दोऱ्याची टोकं सरीतल्या मण्यांतून परत न्यायची असतात, म्हणजे टोकाच्या काळ्या मण्यातूनही चार वेळा दोरा गेला पाहिजे. जात नसेल तर जोर करू नका, मणी फुटतो. बारीक दोरा घ्या किंवा टोकाला किंचित मोठ्या भोकाचे आठ-दहा मणी निवडून ठेवा.

मणी पसरट ताटलीत, खाली टर्किश नॅपकिन घालून ओता. सुई ताटलीतून मणी गोळा करत पुढे न्यायची, एकेक बोटाने उचलून घालायचा नाही. एका बाजूची एक सर पूर्ण झाली की दुसरी ओवा आणि दोन्ही शेजारी टांगून बघा. गळ्यात एक सर आत आणि एक बाहेर बसते, त्यामुळे बाहेरच्या सरीत बाजूला दोन-दोन मणी जास्त लागतात. नाहीतर बाहेरची ताणते आणि आतली फुगते. मग दोन्ही सरींचे पदर एकत्र करून सोन्याचे मणी आणि वाट्या ओवा, पुन्हा वेगळे करा, आणि पहिल्या बाजूइतकेच मणी मोजून दुसरी बाजू. मोजायचं विसरलात तर वाट्या एका खांद्याकडे सरकलेल्या दिसतील आणि मग सगळं उसवावं लागेल.

मध्येच एक मणी जास्त झाला असं लक्षात आलं तर सर उसवायची गरज नाही. त्या मण्याच्या भोकात दोऱ्याच्या शेजारी टाचणी सरकवा, मणी फडक्यात धरा आणि पक्कडीने दाबून फोडा. टाचणी दोऱ्याला काचेच्या तुकड्यांपासून वाचवते, फडकं डोळ्यांना.

आता दुसऱ्या फाशाची बाजू. सर पूर्ण घट्ट ओढू नका, हीच चूक सगळ्यात जास्त होते. मण्यांना मण्यांचा दाब बसला की सर तारेसारखी ताठ होते, गळ्यावर कोन करून बसते आणि वाकताना मण्यांच्या कडा दोरा कापत राहतात. सर अंगठ्याभोवती वळवा, वळलेल्या अवस्थेत ओढून घ्या, मग सरळ करा. दोनेक मिलिमीटर दोरा दिसला पाहिजे. एवढी ढील ठेवून दोन्ही पदर कडीतून एकदा घ्या, निरगाठ मारा, पण पहिल्या वेढ्यात दोरा एकदाच न गुंडाळता दोनदा गुंडाळा. दोन वेढ्यांमुळे दुसरा पीळ देईपर्यंत गाठ सैल पडत नाही. त्यावर आणखी एक तशीच गाठ. मग टोकं आठ-दहा मण्यांतून परत न्या, वाटेत दोन ठिकाणी सरीच्या दोऱ्याभोवती अर्धी गाठ टाका, ओढून गाठ मण्यात शिरू द्या आणि मण्याला लागून कापा. कडीवरच्या गाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब पुरे. फेविक्विकसारखा झटपट गोंद दोरा ताठ आणि ठिसूळ करतो, मग तो गाठीला लागूनच तुटतो. शिवाय त्याच्या वाफेने आजूबाजूच्या मण्यांवर पांढरी साय धरते.

विणीच्या दोऱ्याची किंवा नायलॉनची टोकं उदबत्तीने डागता येतात, कापल्यावर फिसकटत नाहीत. रेशीम आणि सूत जळतं, तिथे हा प्रयोग नको. आणि बोरमाळेच्या किंवा साजाच्या मण्यांजवळ उदबत्तीसुद्धा नेऊ नका, त्यांच्या पत्र्याखाली लाख असते, ती उष्णतेने मऊ होते.

गियर वायर असेल तर

इथे गाठ मारत नाहीत, गियर लॉक नावाचा बारीक धातूचा मणी दाबतात. तारेत आधी लॉक, मग फाशाची कडी, मग तार परत त्याच लॉकमधून. कडीभोवती एक-दोन मिलिमीटरचा मोकळा फास राहू द्या, अगदी चिकटवून दाबलेली तार कडीला वाकून तिथेच तुटते. चपट्या पक्कडीने लॉक एकदाच नीट सपाट दाबा. वरून दोन पदर शेजारी-शेजारी बसलेत ना ते बघा, एकमेकांवर चढले असतील तर पकड कच्ची राहते. उरलेलं टोक २ ते ३ सेंटीमीटर मण्यांमध्ये लपवून मग कापा. लॉकला लागून कापलेलं टोक पहिल्याच झटक्याला निसटतं आणि मानेला टोचतं ते वेगळंच. एकदा चुकून दाबलेला लॉक पुन्हा वापरू नका. तंगुसावर गियर लॉक दाबला तर तो तंगूस कापतो, तिथे गाठच हवी.

मोत्याची माळ: प्रत्येक मोत्यानंतर गाठ

खऱ्या किंवा कल्चर्ड मोत्यांमध्ये गाठी मारतात त्याची कारणं दोन. मोती मऊ असतो, एकमेकांवर घासून भोकाशी त्याचा थर झिजतो. आणि माळ तुटली तर एकच मोती पडतो, साठ नाही. आपला मोती खरा की बनावटी हे भोकापाशी भिंगाने बघा. बनावटीच्या कडेला रंगाची पापडी सुटलेली दिसते. बनावटी मोत्यावर नेलपॉलिश रिमूव्हर लागला तर रंगच उतरतो. खऱ्याला व्हिनेगर, लिंबू, कपड्याचा साबण यातलं काही लावायचं नाही. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेल्या मऊ फडक्याने पुसा, साध्या ओल्या फडक्याने पुन्हा पुसा आणि ओवण्याआधी एक दिवस सावलीत वाळू द्या.

लांबीचा हिशेब आधी करा. ६ मिमीचे ७० मोती सलग ओवले तर ४२ सेंटीमीटर होतात. प्रत्येक गाठ पाऊण मिलिमीटरच्या आसपास जागा घेते, म्हणजे गाठवल्यावर तीच माळ ४७ सेंटीमीटरच्या आसपास जाते. गळ्याला घट्ट होती आणि आता लांब हवी असेल तर उत्तमच. तेवढीच हवी असेल तर सात-आठ मोती काढून बाजूला ठेवा.

रेशीम एकपदरी, टोकाला तारेची लवचीक सुई बसवलेलं असं तयार २ मीटरच्या कार्डावर मिळतं. ७० मोत्यांना ते पुरून उरतं. सुटं रेशीम घेतलं तर माळेच्या दुप्पट आणि वर दोन विती इतकं कापा आणि आदल्या रात्री चमचा बांधून टांगून ठेवा. न ताणलेलं रेशीम नंतर गळ्यात ताणतं आणि गाठी आणि मोत्यांमध्ये फटी पडतात. रेशमाची साधी गाठ मोत्याच्या भोकातून निसटून जाते का ते एका मोत्यावर करून बघा. निसटली तर दोरा बारीक आहे.

मोती लावायला खास पाट लागत नाही. जुन्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा वरचा कागद सोलून घ्या, त्याच्या खाचेत मोती ओळीने बसतात. सगळ्यात मोठा मध्ये, तिथून दोन्हीकडे उतरते. पुठ्ठ्यावरून एकेक उचलून ओवा. क्रम आता चुकला तर गाठी मारल्यावर दुरुस्त होत नाही.

१. सगळे मोती दोऱ्यावर घ्या आणि दोऱ्याचं लांब टोक मोकळं ठेवा. सुईच्या बाजूने गिंपचा पाऊण ते एक सेंटीमीटरचा तुकडा घाला. गिंप म्हणजे केसाएवढ्या तारेची मऊ स्प्रिंग, जरदोसीतल्या दबक्यासारखी. ती रेशमाला कडीपासून वाचवते. ओढली की तिचे वेढे सुटतात, म्हणून बोटात न दाबता दोऱ्यावरून सरकू द्या.

२. फाशाची कडी गिंपवर आणा, सुई शेवटच्या मोत्यातून परत घाला. गिंपचा छोटा फास तयार होतो. त्या मोत्याच्या पलीकडे दोन्ही पदरांची गाठ, मग दुसऱ्या मोत्यातून परत, पुन्हा गाठ, तिसऱ्यातून, गाठ. टोक तिसऱ्या गाठीनंतर कापा, गाठीवर गोंदाचा सूक्ष्म थेंब.

३. आता पुढचा मोती सरकवून आणा, सैल साधी गाठ टाका, तिच्या फासात जाड सुई घाला आणि सुईनेच गाठ मोत्यापर्यंत ढकलत न्या. गाठ मोत्याला टेकली की दोरा ताणून धरा, सुई हळूच काढा आणि काढता काढता नखाने गाठ मोत्यावर दाबा. सुई आधी काढली तर गाठ मध्येच आवळते. रेशमाची आवळलेली गाठ सोडवायचा प्रयत्न केला की लव येते, तेव्हा सुईच्या टोकाने लगेच, ती कोरी असतानाच उकला.

४. शेवटचे तीन मोती गाठीशिवाय सोडा. गिंप, दुसरी कडी, आणि पहिल्या टोकासारखंच एकेका मोत्यातून परत, प्रत्येकानंतर गाठ. हे टोक नेहमी पहिल्यापेक्षा कठीण जातं. तीन मोत्यांमध्ये प्रत्येकी एका गाठीची जागा आधीच सोडलेली नसेल तर गाठीच बसत नाहीत.

ही माळ पुरी व्हायला पहिल्यांदा तीन-चार तास लागतात. पहिल्या दहा गाठी वाकड्या येतात, त्या मानेमागे जातात, हरकत नाही. हात साबणाने धुऊन बसा. पांढरं रेशीम घामट बोटांनी निम्म्या माळेतच मळकं होतं.

तन्मणी, चिंचपेटी असे अनेक सरींचे दागिने करायचे झाले तर सगळ्यात आतली, आखूड सर आधी ओवा आणि बाहेरच्या तिच्यावर मापून घ्या. सगळ्या सरी टोकाला एकाच गाठीत आवळू नका. प्रत्येकीची गाठ वेगळी मारून मग पदर एकत्र गोंड्याच्या दोरीत न्या. एकच मोठी गाठ असली की एक सर सैल पडल्यावर बाकीच्याही सुटतात.

इलॅस्टिकचं ब्रेसलेट

०.७ किंवा ०.८ मिमीचा पारदर्शक इलॅस्टिक दोरा घ्या, ओवण्याआधी वीतभर-वीतभर धरून चार-पाच वेळा ताणा. न ताणता ओवलेलं ब्रेसलेट आठवड्यात ढगळ होतं. दोन वेढ्यांची गाठ, थोडं ताणून आवळा, गोंदाचा थेंब, तो सुकला की गाठ ओढून मोठ्या भोकाच्या मण्यात लपवा. लगेच हातात घालू नका, रात्रभर राहू द्या.

फासा, कडी आणि गळ्यामागची दोरी

दोरा शाबूत, मणी शाबूत, तरी सर गळून पडली, असं झालं तर जंप रिंग, म्हणजे फासा जोडणारी उघडमिटीची कडी, बघा. तिच्या तोंडाशी सहज लक्षात न येणारी फट असते आणि ०.२ मिमीचा दोरा फिरत फिरत बरोबर त्या फटीतून बाहेर येतो. इमिटेशनच्या दागिन्यांत तुटण्यापेक्षा हेच जास्त वेळा घडतं. दोरा कधीही उघड्या जंप रिंगला बांधू नका. डाग देऊन सांधलेली बंद कडी किंवा किल्लीच्या जुडग्याला असते तशी दुहेरी कडी घ्या. जंप रिंग लावायचीच असेल तर दोन पक्कडींनी तिची टोकं एक आपल्याकडे आणि एक पलीकडे अशी फिरवून उघडा. बाजूला फाकवली तर गोलाई जाते आणि पुन्हा कधी नीट मिटत नाही. मिटवताना टोकं एकमेकांच्या किंचित पुढे नेऊन परत आणा, टिक असा बारीक आवाज येईपर्यंत. पक्कडीच्या तोंडाला चिकटपट्टी गुंडाळली तर मुलाम्यावर ओरखडे येत नाहीत.

गळ्यामागची गोंड्याची दोरी विटली असेल तर सरीच्या टोकाच्या कडीतून काढून नवी घाला. दोरीचं टोक कडीतून निसटू नये म्हणून फासगाठीनेच अडकवा.

जे घरी करायचं नाही

ठुशीचे मणी रेशमावर इतके दाट बसवलेले असतात की ते काम पटवेकऱ्याकडेच (दागिने ओवून देणाऱ्या कारागिराकडे) द्यावं. बसऱ्याचे जुने मोती, ज्यांची भोकं फार बारीक असतात, तेही. नथीतला एखादा मोती सैल झाला तर पातळ तारेने आवळता येतो, पण नथीची मूळ सोन्याची तार तुटली असेल किंवा खडा हलत असेल तर सराफ. दबलेला लाखेचा मणी, डाग द्यायची कडी, हेही त्याच्याकडे. काम देताना मणी मोजून, त्याच्याच काट्यावर वजन करून, चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहून घ्या. परत घेताना वजनात नव्या दोऱ्याचा थोडाफार फरक येईल, मण्यांच्या संख्येत येता कामा नये.

घरी ओवलेली सर घालण्याआधी खिळ्याला रात्रभर टांगा आणि सकाळी फाशाजवळची दोन्ही टोकं बघा. फट वाढली असेल तर गाठ सरकली आहे, ती आत्ताच बदला. रोज घालायची मोत्याची माळ वर्षातून एकदा नव्या रेशमावर घ्यावी, सणासुदीला घालायची असेल तर दोन-तीन वर्षांनी चालते. मोती दोऱ्यावर पुढे-मागे हलायला लागले किंवा गाठी करड्या दिसल्या की त्याआधीच. उरलेले मणी पुडीत बांधून त्यात एक कागद टाका: दोऱ्याचा प्रकार, जाडी, एका बाजूचे मणी किती आणि तारीख.